शेपटी फाटली, कुरतडली की कुजतेय? माशाचे पर पाहून निदान कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा: ६० लिटरचा टँक, सुरू करून ५ आठवडे झालेत. आत एक नर बेट्टा, ६ सर्पे टेट्रा आणि २ मॉली. बेट्टाची शेपटी आठवड्याभरात आखूड झाली आहे आणि तिची कड पांढरट दिसते. एक मॉली पर मिटून कोपऱ्यात थांबते. निळं औषध घालून दोन दिवस झाले, फरक नाही. हा फिन रॉट (पर कुजणं) आहे का, आणि आता दुसरं कोणतं औषध घालावं?

आज कोणतंच औषध घालू नका. तुमच्या टँकमध्ये काय चाललंय याचा मला बराचसा अंदाज आलाय, तो शेवटी सांगतोच. पण तो अंदाज कसा बांधला हे आधी समजून घेतलंत, तर पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. मी वीसेक वर्षं मासे पाळतोय. परांच्या दुखण्यात मी स्वतः केलेल्या चुका मोजल्या, तर रोगानं मेलेल्या माशांपेक्षा चुकीच्या औषधानं मेलेले जास्त भरतील.

आधी पर कसा असतो ते बघू. छत्री डोळ्यांसमोर आणा. काड्या आणि त्यांच्यामध्ये ताणलेला कपडा, तशा परात हाडाच्या बारीक काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा. त्या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, पण अंगावर असतं तसं खवल्यांचं चिलखत बहुतेक ठिकाणी नसतं. त्यामुळे पाणी बिघडलं, कुणी चावलं, कुठे घासलं, की पहिली खूण परावर उमटते. आणि याच कारणानं एकच खूण पाच वेगवेगळ्या गोष्टींमुळे दिसू शकते. 'पर खराब झालाय' एवढ्या माहितीवर निदान करणं म्हणजे 'ताप आलाय' एवढ्यावर औषध देण्यासारखं आहे.

रोगाचं नाव शोधायच्या आधी मी एकच गोष्ट विचारतो: हे पुढे सरकतंय का? काल जिथे कड होती तिथेच आज आहे, की आत गेलीय? फाटलेला पर फाटतो आणि थांबतो. चावलेला पर एका रात्रीत आखूड होतो, पण पुढच्या चाव्यापर्यंत तसाच राहतो. कुजणारा पर मात्र रोज थोडा थोडा, कडेकडून बुडाकडे, झिजत जातो. पुस्तकातली चित्रं जुळवण्यापेक्षा या एका उत्तरानं जास्त उलगडा होतो. आणि त्यासाठी लागतो तो फक्त मोबाइल. रोज एकाच वेळी, एकाच बाजूनं, मासा काचेला समांतर असताना फोटो काढा. आठवणीवर विसंबू नका. काळजीत असलेल्या माणसाला रोजच शेपटी कालपेक्षा आखूड वाटते, हे मी अनुभवानं सांगतो.

फोटो काढताना एक युक्ती करा. टँकच्या मागच्या काचेला एकदा पांढरा कागद लावा आणि एकदा काळा. पांढऱ्यावर कडेची काळी किंवा लाल रेघ स्पष्ट दिसते, काळ्यावर पांढरे ठिपके, कापसासारखे तंतू आणि पारदर्शक नवा पडदा दिसतो. मग टँकचा दिवा बंद करा आणि टॉर्च बाजूनं, तिरका धरा. समोरून मारलेल्या उजेडात जी बारीक सोनेरी पूड दिसत नाही, ती तिरक्या उजेडात चमकते.

आता कड बघा. दोन काड्यांच्या मधला पडदा चिरला असेल, पण काड्या शाबूत असतील आणि चिरेच्या दोन्ही बाजू स्वच्छ असतील, तर तो पर फाटलाय. टोकदार दगड, प्लॅस्टिकची झाडं, जोरात ओढणारं फिल्टरचं तोंड, पकडताना वापरलेली खरखरीत जाळी, कारणं अशीच असतात. प्लॅस्टिकच्या झाडावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवून बघा. मोज्याचा धागा अडकला तर बेट्टाची शेपटीही अडकणारच. अशी चीर स्वच्छ पाण्यात काही दिवसांत आपोआप सांधते. त्यात औषधाचं काही काम नाही.

कडेला अर्धगोल तुकडे गेलेले असतील, बिस्किटाला चावा घेतल्यावर दिसतात तसे, काड्यांसकट कापलेले, आणि कड पांढरी-लाल न होता स्वच्छ असेल, तर कुणीतरी चावलंय. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा, ब्लॅक विडो टेट्रा हे मासे यासाठी बदनाम आहेत, आणि ती बदनामी रास्त आहे. त्यांचे बळी ठरलेले असतात: बेट्टा, एंजलफिश, लांब शेपटीचे गप्पी, गुरामीचे पोटाखालचे दोऱ्यासारखे पर. संथ पोहणारा मासा आणि लोंबणारा पर दिसला की या मंडळींना राहवत नाही. थवा लहान असेल आणि जागा अपुरी असेल, तर ती खोड वाढते, कारण आपापसातली भांडणं मग दुसऱ्यावर निघतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तुम्ही काचेसमोर उभे राहिलात की सगळे मासे खाण्याच्या आशेनं पुढे येतात आणि शहाण्यासारखे वागतात. चावणारा शोधायचा असेल तर दूर खुर्चीत बसून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. किंवा मोबाइल टँकसमोर उभा करून चित्रीकरण चालू ठेवा आणि खोलीबाहेर जा.

बेट्टाच्या बाबतीत एक विचित्र शक्यता उरते. तो कधी कधी स्वतःचीच शेपटी चावतो. एकटाच राहणारा, पाणी उत्तम, बाकी अगदी धडधाकट बेट्टा सकाळी उठून बघावं तर अर्धी शेपटी गायब, असं झालं की संशय त्याच्यावरच घ्यायचा. फार जड, फार पसरट शेपटी वाहून नेणाऱ्या जातींत हे जास्त दिसतं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब सतत दिसणं आणि जोराचा प्रवाह, या दोन गोष्टी कमी करून बघता येतात. खात्रीचा उपाय मात्र मला आजवर सापडलेला नाही.

आणि आता फिन रॉट. हा स्वतंत्र रोग कमी आणि परिणाम जास्त. एरोमोनास, स्यूडोमोनास असे जिवाणू जवळपास प्रत्येक टँकच्या पाण्यात असतातच, आणि निरोगी माशाला ते सहसा काही करत नाहीत. मासा खराब पाण्यानं, चाव्यांनी, थंडीनं किंवा प्रवासानं खचला की त्यांचं फावतं. कड आधी धुरकट, दुधट होते, मग दातेरी, फाटक्या फडक्यासारखी दिसू लागते. कधी कडेला लाल किंवा काळपट रेघ असते. पडदा आधी जातो, त्यामुळे काड्या नुसत्या केरसुणीसारख्या बाहेर डोकावतात, मग त्याही झडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पुढे सरकत राहतं. पराचा बुडखा शाबूत असेपर्यंत पर पुन्हा वाढतो. झिजणं बुडख्यापर्यंत, म्हणजे अंगाच्या मांसापर्यंत पोचलं, की तो भाग परत येईलच असं नाही आणि मासा वाचवणंही कठीण होतं. म्हणून खरा फिन रॉट असेल तर हात बांधून बसायचं नाही, पण तो खरा आहे का हे आधी ठरवायचं.

इथे चावलेला पर आणि कुजणारा पर यांची सरमिसळ होते, आणि ती नेहमीच होते. चाव्याच्या जखमेतच जिवाणू शिरतात. तेव्हा 'हे की ते' असा प्रश्न नसून 'आधी काय झालं' हा प्रश्न असतो. चावणारा मासा टँकमध्ये तसाच ठेवून जिवाणूंवर औषध देत राहणं म्हणजे छपरातून गळतंय आणि आपण फरशी पुसतोय.

तुमच्या मॉलीबद्दल बोलू. पर फाटलेले नाहीत, झिजलेले नाहीत, पण अंगाला चिकटवून धरलेत, मिटलेल्या छत्रीसारखे. मिटलेले पर हा कोणताही एक रोग नाही, माशाला बरं वाटत नसल्याची ती सर्वसाधारण खूण आहे. पाणी, तापमान, परजीवी, त्रास देणारा सोबती, यातलं काहीही असू शकतं. ही खूण एका माशात असेल तर त्या माशाकडे बघा. दोन-तीन वेगवेगळ्या जातींच्या माशांत एकदम दिसली तर मासे सोडा आणि पाणी तपासा. हा माझा पक्का नियम आहे आणि त्यानं मला क्वचितच दगा दिलाय. मॉलीला तर मऊ पाणी मुळातच मानवत नाही. तिला क्षारयुक्त, जड पाणी लागतं. ते मिळालं नाही, किंवा पाणी थंड वा घाण झालं, की ती पर मिटते आणि जागच्या जागी थरथरत राहते.

पाण्याचं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण परांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलंय. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही साखळी नव्या टँकमध्ये बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर अमोनिया आणि नायट्राइट पाण्यात साचतात. दोन्ही शून्य हवेत. 'थोडंसं चालतं' असं नाही. नायट्रेट २० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅमच्या) आसपास असलेला बरा, ४० च्या वर जाऊ देऊ नये.

अमोनियाचा घातकपणा पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे यावर, अवलंबून असतो, आणि नवशिक्यांना हे कुणी सांगत नाही. चाचणीत दिसणारा सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. २५ अंश सेल्सिअसला, पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे किटवरचा रंग तोच, पण माशाला बसणारा फटका जवळजवळ दहापट. म्हणूनच एकाच्या टँकमध्ये १ पीपीएमला मासे तगतात आणि दुसऱ्याच्या टँकमध्ये त्याच आकड्याला परांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. अमोनियानं भाजलेल्या परांत लालसर रेघा दिसतात, कड झिजते. पुढे पाणी सुधारल्यावर त्या जागी काळा रंग येऊ शकतो. गोल्डफिशमध्ये हे फार दिसतं. लोक त्या काळ्या डागांना नवा रोग समजून घाबरतात, पण बऱ्याचदा ते जखम भरत असल्याचं चिन्ह असतं.

लाल रेघांबद्दल सावध मात्र राहा. पाणी तपासलं, ते ठीक निघालं, तरी पराच्या बुडाशी लाली वाढतेय, अंगावर लाल चट्टे आहेत, मासा खात नाही, पोट फुगलंय किंवा खवले उभे राहिलेत, तर संसर्ग रक्तात उतरलेला असू शकतो. तो घरगुती उपायांचा विषय नाही. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य मिळत असेल तर त्याच्याकडे जायची ती वेळ.

पांढरं दिसणाऱ्या गोष्टींनी सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे, एक मिलिमीटरच्या आतले, वेगवेगळे, जरासे उठावदार ठिपके परांवर आणि अंगावर असतील, आणि मासा दगडाला अंग घासत असेल, तर तो इक. हा एक परजीवी आहे. तो माशाच्या कातडीत वाढतो, पिकला की गळून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं सोडतो आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध फक्त या मोकळ्या पोहणाऱ्या अवस्थेत लागू पडतं, कातडीतल्या ठिपक्यांवर नाही. म्हणून औषध घातल्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके तसेच दिसले तर औषध बदलू नका, आणि ठिपके गेले म्हणून लगेच थांबवूही नका. ठिपक्यांऐवजी पिठासारखी, गंजाच्या रंगाची बारीक पूड दिसली, तीही फक्त तिरक्या टॉर्चमध्ये, तर ते वेल्वेट, तोही परजीवीच. त्यातही मासा आधी पर मिटतो, मग बाकीची लक्षणं दिसतात.

पाण्यात कापसासारखे उभे राहणारे तंतू म्हणजे बुरशी. ती जवळजवळ नेहमी आधीच्या जखमेवर येते. कापूस वाटावा पण तंतू उभे न राहता चपटा, राखाडी-पांढरा थर दिसावा, ओठांवर किंवा पाठीवरच्या पराच्या बुडाशी खोगिरासारखा, तर ती बुरशी नव्हे. तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूचा आजार. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इकसाठी लोक पाण्याचं तापमान वाढवतात आणि त्या आजारात ते उपयोगीही पडतं, पण कॉलम्नॅरिस गरम पाण्यात भडकतो. त्याचा उग्र प्रकार एक-दोन दिवसांत मासा संपवतो. म्हणून चपटा पांढरा थर झपाट्यानं पसरताना दिसला तर हीटर वाढवू नका, मासा लगेच वेगळा करा आणि जिवाणूंवरचं औषध द्या. 'थांबा आणि बघा' हा माझा सल्ला इथे लागू नाही.

पराच्या कडेला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी पांढरट गाठ आली, मासा बाकी मजेत असला, तर तो बहुधा लिंफोसिस्टिस, विषाणूचा आजार. त्यावर औषध नाही. पाणी चांगलं ठेवलं तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठ बहुतेक वेळा आपोआप जाते. कापायला जाऊ नका. पराला चिकटलेला, दोऱ्यासारखा लोंबणारा आणि टोकाशी दोन शेपट्या असल्यासारखा तुकडा दिसला तर तो अँकर वर्म नावाचा परजीवी. त्याचा माशाच्या मांसात रुतलेला भाग वेगळा असतो, म्हणून नुसता ओढून काढायचा मोह टाळा.

आणि काही गोष्टी मुळात आजारच नसतात. माझीच गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्या एका गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या काडीवर पांढरे ठिपके आले. इक समजून मी पूर्ण मात्रेत औषध घातलं, वर तापमान वाढवलं. ठिपके हलले नाहीत, म्हणून मात्रा वाढवली. तो मासा गेला. नंतर कळलं की विणीच्या काळात नर गोल्डफिशला असे पांढरे उंचवटे येतातच, ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर, ठरलेल्या जागी. तो आजारी नव्हता, वयात आला होता. तसंच, नर गप्पी आणि मॉलीचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा अरुंद असतो. तो तुटलेला नाही, नराचं अंगच तसं असतं. टेट्राच्या शेपटीअलीकडे पाठीवर जो काड्या नसलेला इवलासा पर असतो, तोही कुणी कुरतडून उरलेला तुकडा नव्हे. क्राउनटेल बेट्टाच्या शेपटीतल्या बाहेर आलेल्या काड्या तर पैदास करणाऱ्यांनी मुद्दाम जोपासलेल्या आहेत. पण नवा मासा आणल्याच्या पहिल्या दिवशी त्याचा फोटो काढून ठेवला नसेल, तर हे 'आधीपासून असंच होतं' हे सांगणार कोण?

आता औषधांचं. तुम्ही घातलेलं निळं औषध बहुधा मिथिलीन ब्लू असावं. बाटलीवर घटक लिहिलेला असेल तो वाचा. मिथिलीन ब्लू वाईट नाही. अंड्यांवरची बुरशी रोखायला मीही वापरतो. पण ते वेगळ्या भांड्यात. मुख्य टँकमध्ये घातलं तर फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारू शकतं, आणि ५ आठवड्यांच्या टँकमध्ये ते जिवाणू अजून पुरते रुजलेलेच नसतात. म्हणजे ज्या अमोनियामुळे पर झिजायला सुरुवात झाली असेल, तोच या औषधानं वाढू शकतो. शिवाय निळ्या पाण्यात अमोनियाच्या चाचणीचा रंग नीट जुळवता येत नाही, आणि पराची कडही दिसत नाही.

कोणतंही औषध घालताना टँकच्या नावावरचे लिटर धरू नका. खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली की ६० लिटरच्या टँकमध्ये ५० लिटरच्या आसपासच पाणी भरतं. दोन औषधं एकत्र करू नका. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन (औषध आणि रंग शोषून घेणारा कोळसा) असेल तर औषध चालू असताना काढा, नाहीतर तोच ते शोषून घेईल. तांबं असलेली औषधं झिंगे आणि गोगलगायींना मारतात. माणसांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या कुस्करून घालणारे लोक मला भेटतात. मात्रेचा पत्ता नाही, जिवाणू कोणता याचा पत्ता नाही, आणि उरलेले जिवाणू त्या औषधाला सरावतात. तसं करू नका.

मीठ मात्र माझ्या आवडीचं आहे, कारण ते स्वस्तात चुका माफ करतं. काहीही न मिसळलेलं साधं मीठ, लिटरला १ ग्रॅम, आधी मग्गाभर पाण्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात दोन-तीन वेळा थोडं थोडं. नायट्राइटचा मार त्यानं कमी होतो आणि जखमी माशाला जरा आधार मिळतो. मीठ पाण्याबरोबर उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदललं तर जेवढं पाणी काढलं तेवढ्याच हिशेबानं पुन्हा घालायचं. नुसतं आटलेलं पाणी भरून काढताना मीठ घालायचं नाही. कॉरिडोरास, लोच असे तळाचे मासे आणि नाजूक झाडं असतील तर जपून.

तर तुमचा टँक. ६ सर्पे टेट्रा आणि लांब शेपटीचा नर बेट्टा एकत्र, हे वाचल्यावर माझा पहिला संशय चाव्यांवर गेला. शेपटी आठवड्यात 'आखूड' झाली असं तुम्ही म्हणता, 'झिजली' असं म्हणत नाही. आणि मॉली पर मिटून बसलीय, म्हणजे वेगळ्या जातीच्या दुसऱ्या माशालाही काहीतरी होतंय, हे पाण्याकडे बोट दाखवतं. ५ आठवड्यांचा टँक आणि वर दोन दिवस निळं औषध, म्हणून पाण्याचा संशय आणखी पक्का होतो. माझ्या मते दोन गोष्टी एकदम चालू आहेत: बेट्टाला टेट्रा चावतायत आणि सगळ्यांनाच पाणी त्रास देतंय.

आज तिसरा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका म्हणजे उरलेला निळा रंग निघून जाईल. फिल्टरचा स्पंज धुवायचा असेल तर काढलेल्या टँकच्या पाण्यातच पिळा, नळाखाली धुऊ नका. पाणी नितळ झालं की अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच तपासा. किट नसेल तर ते आणायला हवं, औषधाच्या आधी. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर आलं तर रोज थोडं पाणी बदलत राहा आणि खाणं निम्म्यावर आणा. हात घालायच्या आधी बोटांवर जखम नाही ना बघा, असली तर हातमोजे घाला. टँकच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरतो आणि मग महिनोन् महिने बरा होत नाही.

बेट्टाला वेगळं करा. १५-२० लिटरचं भांडं, हीटर, हळू चालणारा स्पंज फिल्टर, मऊ पानांचं एखादं झाड. तापमान २६-२७ अंश. फिल्टर नवा असल्यानं तिथेही अमोनिया साचेल, म्हणून रोज पाणी बदलणं आलंच. टेट्रांसोबत त्याला पुन्हा ठेवायचं नाही. बेट्टा बरा झाल्यावर टेट्रा समजूतदार होतील अशी आशा मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा शेपटी गमावली, माझी नव्हे, बेट्टाची. मॉलीसाठी पाण्याचा जडपणा तपासा. पाणी मऊ निघालं तर तिची जागा मुळात वेगळ्या टँकमध्ये आहे.

मग चार दिवस रोज फोटो. वेगळ्या भांड्यात, स्वच्छ पाण्यात, कुणी चावत नसताना कड जागेवर थांबली तर औषध लागणार नाही. त्या स्वच्छ पाण्यातही ती रोज आत सरकत असेल, दुधट किंवा लाल होत असेल, काड्या उघड्या पडत असतील, तर तो खरा फिन रॉट. मग त्याच भांड्यात, जिवाणूंवरचं औषध, पाकिटावरच्या पूर्ण मुदतीपर्यंत द्यायचं.

आणि त्या पांढरट कडेबद्दल. ती काळ्या कागदावर पुन्हा एकदा बघा. ती दुधट, दातेरी, धुरकट आहे, की काचेसारखी पातळ, पारदर्शक आणि सलग? प्रयोगशाळेत झेब्राफिशची शेपटी कापली तर २८ अंशाच्या पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत पुन्हा उगवते. बेट्टाला लांबलचक शेपटीमुळे जास्त वेळ लागतो, पण रीत तीच. नवा पडदा आधी बिनरंगाचा येतो, रंग आठवड्यांनी भरतो. कड तशी असेल, तर ज्याला तुम्ही रोग समजून औषध घालत होतात तो तुमच्या माशाचा नवा पर आहे.